'लाट मे' शाफीने लिहिलेले नाही

कालव्याकाठी: रामसेस शाफी हा डच भाषेतला सर्वांत थोर गीतकार, असे काल येथे कोणी लिहिले आणि पुरावा म्हणून त्याचे १९७८ चे 'लाट मे' ('मला राहू द्या') हे गाणे दिले. राहवले नाही म्हणून लिहितो. ते गाणे मूळ फ्रेंच, सर्ज रेजियानीने गायलेले. चाल आलिस दोनाची, डच शब्द हर्मन पीटर द बूर यांचे. शाफीचा त्यात आवाज तेवढा. त्याने गायलेले 'पास्तोराल'ही द ख्रूट आणि नैख या गीतकार-संगीतकार जोडीचे. मग उरल्या त्या दारूच्या कहाण्या.

जुना रंगकर्मी: 'सॅमी' (१९६६) आणि सात आज्ञार्थांचे शीर्षक ('गा, लढ, रड, प्रार्थना कर, हस, काम कर आणि वाखाण') असलेले १९७१ चे गाणे ही दोन्ही त्याचीच, हे आपण सोयीस्करपणे गाळलेत. खाली मान घालून चालणाऱ्या सॅमीला 'वर बघ' म्हणताना तो उपदेशक वाटत नाही, कारण १९५५ पासून रंगभूमीवर वावरलेला आणि १९६४ मध्ये 'शाफी शांतां' हा गाण्यांचा रंगमंचीय कार्यक्रम उभा करणारा हा नट गाणेही नाटकातल्या प्रवेशासारखे रचत असे.

वाचकमात्र: दारूच्या 'कहाण्या' म्हणू नका. कोर्साकॉफने, म्हणजे अतिमद्यपानातून होणाऱ्या मेंदूच्या आजाराने, स्मृती गेल्यावर शाफी अ‍ॅमस्टरडॅमच्या शुश्रूषागृहात राहिला. माझे मामाही त्याच आजाराने गेले. निवृत्तीला अकरा वर्षे झाल्यावरही ते चपला हातात घेऊन दाराशी उभे राहत आणि 'गाडी किती वाजता?' असे दर दहा मिनिटांनी विचारत. त्यात कलंदरपणा कुठे आला?

पेठकर: ऐंशीच्या दशकात हाच शाफी रजनीशांचा अनुयायी झाला, हे कोणीच कसे लिहीत नाही? त्या भगव्या कफन्यांपायी कोरेगाव पार्कात आमचे भाडे दुप्पट झाले होते!

वाचकमात्र: आपले भाडे शाफीने वाढवले नाही. माणूस स्मृती गमावतो आणि आपण घरमालकाचा हिशेब मांडता, याची लाज वाटायला हवी.

पेठकर: लाज मला शिकवू नका. शांती शोधायला आलेल्यांनी आमची शांती घालवली, एवढेच मी म्हणतो.

जुना रंगकर्मी: कृपया गाण्याकडे या. २००५ मध्ये त्याची जुनी सहगायिका लिस्बेट लिस्ट आणि आल्डरलीफ्स्ते हा वाद्यवृंद यांच्यासह त्याने 'लाट मे' पुन्हा गायले, तेव्हा 'मला माझ्या मार्गाने राहू द्या' ही मागणी त्या थकलेल्या आवाजात त्याच्या १९७८ च्या गायनापेक्षा खरी वाटते. शब्द परके असतीलही.

कालव्याकाठी: म्हणजे गायक थोर, हे मी नाकारले कधी? 'सॅमी' त्याचे, हेही मान्य, आपल्या आग्रहाखातर. 'सर्वांत थोर गीतकार' तेवढे मागे घ्यावे.

जुना रंगकर्मी: 'सर्वांत' मागे घेतो. बाकीचे आपण 'सॅमी' ऐकून झाल्यावर मागा.