अर्धं लोळणं, अर्धं भाजे

शनिवार-रविवारी बाहेर भटकलं की सोमवारी माणूस जास्तच दमतो, त्यापेक्षा घरी लोळावं, हे तुमचं म्हणणं अर्धं पटलं. अर्धं अशासाठी, की लोळण्यातही माझं एक डोकं फोनकडेच असतं. सॉफ्टवेअर सपोर्टमध्ये काम, रात्री-अपरात्री कॉल. गेल्या आठवड्यात तीन महिन्यांनी पहिल्यांदा दोन्ही दिवस मोकळे मिळाले.

शनिवारी खरंच काही केलं नाही. अकराला उठलो, कालच्या पोळीचा कुस्करा, दुपारी परत झोप. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "बरं नाहीये का तुला?"

रविवारी मात्र शिवाजीनगरहून लोणावळा लोकल पकडली नि मळवलीला उतरलो. लोहगडाकडे जाणारी गर्दी पुढे गेली, मी भाजे इथल्या बौद्ध लेण्यांशीच थांबलो. चैत्यगृहाच्या, म्हणजे प्रार्थनेच्या दालनाच्या, छतात लाकडी फासळ्या अजून आहेत, इसवी सनापूर्वीच्या, जवळपास 2200 वर्षांच्या! आमचं सॉफ्टवेअर दोन वर्षांत जुनं होतं, असो. बाजूला 14 स्तूपांचा घोळका आहे, त्याच्या सावलीत तासभर नुसता बसलो. खाली शेतात कुणीतरी बैलांवर ओरडत होतं, तेवढाच आवाज.

उतरताना गावात झुणका-भाकरी, सोबत बुक्कीने फोडलेला कांदा. परतीच्या लोकलमध्ये खिडकी मिळाली आणि चिंचवड येईपर्यंत मान टाकून झोपलो. फोन सायलेंटवर होता. घरी येऊन पाहिला तर चार मिस्ड कॉल, चारही आईचे.