मदत हवी आहे: मुलाला इथल्या दुसऱ्या श्रेणीच्या सॉकर क्लबच्या अकॅडमीत पाठवावं का?

नमस्कार मंडळी,

आम्ही कॅलिफोर्नियात अर्वाइनला राहतो. मुलगा १५ वर्षांचा, यंदा दहावीत. लेफ्ट बॅक, म्हणजे डाव्या बाजूचा बचावपटू म्हणून खेळतो, डाव्या पायाचा आहे. गेल्या महिन्यात त्याला ऑरेंज काउंटी एससीच्या अकॅडमीचं बोलावणं आलं. दोन आठवडे सराव झाल्यावर 'अकॅडमी करार' देऊ असं त्यांनी सांगितलंय. महिनाअखेरपर्यंत उत्तर द्यायचं आहे आणि घरात एकमत होत नाहीये.

हा क्लब मेजर लीग सॉकरमधला, म्हणजे इथल्या सगळ्यात वरच्या लीगमधला नाही. तो यूएसएल चॅम्पियनशिपमध्ये खेळतो, म्हणजे मेजर लीगच्या खालची, दुसरी श्रेणी. इथे युरोपसारखं नाही, वरच्या श्रेणीत जिंकून जाता येत नाही. (यूएसएल २०२८ पासून आपल्या लीगमध्ये बढती-घसरण आणणार आहे, पण मेजर लीग त्यात नाही.) ग्रेट पार्कमध्ये, जिथे पूर्वी लष्कराचा विमानतळ होता, तिथे पाचेक हजार लोक मावतील एवढं त्यांचं मैदान आहे. २०२१ मध्ये टॅम्पा बे राउडीजला ३-१ ने हरवून त्यांनी लीग जिंकली. आम्ही दर उन्हाळ्यात पाच-सहा सामने बघतो, म्हणून क्लब अनोळखी नाही.

मला जे नीट समजून घ्यायचंय ते त्यांच्या पैशांचं गणित. एवढ्याशा मैदानाच्या तिकिटांवर असा क्लब चालत नाही. म्हणून ते पोरांना लहान वयात घेतात, मोठ्यांबरोबर खेळवतात आणि युरोपात विकतात. कोबी हेन्री नावाचा बचावपटू २०२२ मध्ये इथून फ्रान्सच्या रीम्सला गेला, त्याच वर्षी कोरेडे ओसुंदिना नेदरलँड्सच्या फेयेनूर्डला. दोघेही नुकतेच १८ वर्षांचे झालेले. हा योगायोग नाही. फिफाच्या नियमानुसार मोजके अपवाद सोडले तर १८ पूर्ण होण्याआधी परदेशी क्लबात नोंदणी होत नाही. म्हणजे १५ ते १८ ही तीन वर्षं क्लब मुलावर मेहनत घेतो आणि मग विकायला काढतो. मला यात वाईट काही वाटत नाही. आत्ताच्या क्लबला आम्ही वर्षाला काही हजार डॉलर भरतो, तिथे गिऱ्हाईक आम्ही आहोत. अकॅडमीत मुलगाच माल होणार. आई म्हणून त्यात पाऊल टाकायचं तर डोळे उघडे ठेवून टाकायचंय.

अकॅडमी करारात पगार नसतो. त्यामुळे पहिल्या संघाकडून सामना खेळला तरी कॉलेजसाठी खेळायची पात्रता राहते, हा त्याचा मोठा फायदा. पगारी करारावर सही केली की कॉलेजच्या पात्रतेचा प्रश्न उभा राहतो. नवऱ्याचं म्हणणं, अभ्यास पहिला. पहिल्या संघाचा सराव सकाळी असतो, म्हणजे कधीतरी ऑनलाइन शाळेचा विषय निघणारच, आणि त्याला ते अजिबात मान्य नाही. त्याची भीती खोटी नाही. विकले जाणारे दोन, मागे राहणारे कितीतरी.

माझं मन दुसरीकडे ओढतं त्याचं कारण सांगते. मी कोल्हापूरची, शिवाजी पेठेतली. आमच्याकडे फुटबॉल पेठेचा असतो. शाहू स्टेडियमवर तालमींचे, म्हणजे पेठांच्या फुटबॉल संघांचे सामने असले की घरात दुपारचं जेवण कुणी धड जेवायचं नाही. माझा दादा एका तालमीकडून गोलकीपर होता. अख्खी पेठ त्याला ओळखायची. पण बाविसाव्या वर्षी ग्लोव्हज माळ्यावर टाकले आणि नोकरीला लागला, कारण तालमीच्या पुढे वाटच नव्हती. त्याच्यापाशी काय कमी होतं हे त्याला कधी कुणी सांगितलंच नाही. इथे निदान सांगणारं कुणीतरी आहे.

तर विचारायचं ते हे. कुणाचं मूल अकॅडमी करारावर खेळून पुढे कॉलेज संघात गेलंय का? शाळेचं वेळापत्रक कसं जमवलंत? सराव करताना मोठी दुखापत झाली तर खर्च कुणाचा? आणि सही करण्याआधी क्लबला नेमकं काय विचारावं?

प्रतिसाद (न्यू जर्सीहून)

ताई, माझा मुलगा अकॅडमी करारावर नव्हता, पण चार वर्षं डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे कॉलेज खेळांच्या सगळ्यात वरच्या श्रेणीत खेळला, म्हणून कॉलेजपुरतं सांगतो.

पहिलं, 'पात्रता राहील' हे क्लबच्या तोंडून ऐकू नका. करार एनसीएएच्या (इथल्या कॉलेज खेळांच्या संघटनेच्या) पात्रता केंद्राला आणि ज्या कॉलेजांचा विचार आहे त्यांच्या नियमपालन कार्यालयाला दाखवा. क्लबकडून बूट, प्रवास, जेवण, काहीही मिळालं तरी लिहून ठेवा.

दुसरं, ऑनलाइन शाळा घ्यायची तर प्रत्येक विषय एनसीएएला मान्य आहे का ते आधी तपासा. १६ मुख्य विषय लागतात, त्यातले १० शाळेचं शेवटचं वर्ष (बारावी) सुरू होण्याआधी पूर्ण व्हावे लागतात. आमच्या ओळखीतल्या एका मुलाचे दोन विषय धरलेच नाहीत. मुलगा चांगला होता, वर्ष गेलं.

तिसरं, शिष्यवृत्तीच्या भरवशावर हिशेब मांडू नका. अनेक वर्षं डिव्हिजन वनच्या पुरुष संघाला मिळून ९.९ शिष्यवृत्त्या होत्या, त्या पंचवीस-तीस जणांत वाटल्या जायच्या. २०२५ मध्ये एनसीएएविरुद्धच्या 'हाऊस' खटल्यात तडजोड झाली, त्यात सामील झालेल्या कॉलेजांत ही मर्यादा गेली, पण संघ जास्तीत जास्त २८ जणांचा झाला. त्यात परदेशातून आलेली एकवीस-बावीस वर्षांची मुलं असतात. तुमच्या मुलाची स्पर्धा त्यांच्याशी आहे. म्हणूनच मोठ्यांबरोबरचा सराव मला फायद्याचा वाटतो.

क्लबला एकच विचारा: गेल्या तीन वर्षांत अकॅडमी करारावर जी मुलं होती ती आज कुठे आहेत? सगळ्यांची नावं मागा, फक्त विकलेल्यांची नको.

प्रतिसाद (कोल्हापूरहून)

ताई, पोरगं डाव्या पायाचं आणि लेफ्ट बॅक, मग विचार कसला करताय? असं पोरगं शोधून सापडत नाही. आपला अनिकेत जाधव लहानपणीच घर सोडून पुण्याला क्रीडा प्रबोधिनीत गेला, तेव्हा २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला. तुमचं पोरगं तर रोज रात्री घरी जेवायला येणार. दादांना विचारलंत का?

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार.

न्यू जर्सीकर, तुमचा शेवटचा प्रश्न वहीत पहिल्या ओळीवर लिहिलाय. विषयांची यादी घेऊन उद्या शाळेच्या समुपदेशकांना भेटते. ऑनलाइन शाळा निदान अकरावी संपेपर्यंत नाही, यावर नवरा आणि मी रात्री एकमताला आलो. क्लब ते मान्य करतो का बघू.

दादाला फोन केला. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "त्याला गोलकीपरच्या मागे उभा राहून एक सामना बघायला सांग, बचाव कसा हलतो ते तिथून दिसतं." मुलगा शनिवारी गोलच्या मागच्या बाजूला बसणार आहे.

क्लबशी भेट सोमवारी संध्याकाळी आहे. दुखापत आणि विम्याबद्दल अजून कुणी लिहिलं नाही, कुणाला अनुभव असेल तर त्याआधी नक्की सांगा.