कोळशाचं वीज केंद्र बंद झालं की तिथल्या माणसांचं होतं काय?

वॅगन_टिपलर
मी औष्णिक केंद्रात कोळसा हाताळणी विभागात आहे. कंत्राटी. "कामगारांना सौरऊर्जेत सामावून घेऊ" हे वाक्य हल्ली जिथे तिथे वाचतो. उभारणीच्या वेळी माणसं लागतात, मान्य. पण एकदा पॅनल बसले की उरतं कोण? पुसणारे आणि पहारेकरी! आमच्याकडे कन्व्हेयर, क्रशर, तीन पाळ्या. जिथे केंद्रं खरोखर बंद झाली तिथलं कुणी सांगा. भाषण नको.

स्विचयार्डवाला
शंका रास्त आहे. पण सगळं केंद्र भंगारात जात नाही. बॉयलर, कोळशाच्या गिरण्या जातात. स्विचयार्ड (वीज ग्रिडला जोडणारं आवार) आणि वाहिन्या राहतात, कारण उच्चदाबाची नवी जोडणी मिळायला वर्षं लागतात. ऑस्ट्रेलियातलं १६०० मेगावॅटचं हेझलवूड मार्च २०१७ मध्ये बंद झालं. २०२३ पासून त्याच जागी १५० मेगावॅटची बॅटरी आहे. जर्मनीत बिब्लिसला (ते अणुकेंद्र, पण मुद्दा तोच) बंद संचाचा जनरेटर टर्बाइनपासून सोडवून २०१२ पासून सिंक्रोनस कंडेन्सर म्हणून फिरवला. वीज तयार करत नाही, व्होल्टेज सांभाळतो. म्हणजे इलेक्ट्रिकल आणि इन्स्ट्रुमेंटेशनवाल्यांना काम आहे. कोळसा हाताळणीला, खरं सांगायचं तर, तिथे जागा नाही. बेल्टची माणसं सिमेंट कारखान्यात किंवा बंदरावर खपतात.

जुना_युनियनवाला
हेझलवूडचं अर्धंच सांगितलंत. घोषणा नोव्हेंबर २०१६ ची. पाच महिन्यांत कुलूप! त्यानंतर तिथे किमान तीन वर्षं आधी कळवायचा नियम आला. त्याच देशात लिडेल या कोळसा केंद्राची घोषणा २०१५ ला झाली आणि ते बंद झालं २०२३ ला. सौर की पवन हे नंतर बघू, आधी तारीख लेखी मागा.
स्पेनमध्ये २०१८ ला कोळसा खाणी बंद होण्याआधी संघटनांनी करार करून घेतला. ४८ वर्षांवरच्या खाणकामगारांना लवकर निवृत्ती, खाणींच्या भागासाठी २५ कोटी युरो. खाणीला टाळं लागल्यावर एवढं कोण देतं?

वॅगन_टिपलर
तारीख विचारली की साहेब म्हणतात, "तू बेल्ट बघ." शिवाय ठेकेदार बदलला की माझी नोकरी नव्याने सुरू होते. उद्या असा करार झालाच तर माझं नाव कुणाच्या यादीत?

जुना_युनियनवाला
आज कुणाच्याच नाही. म्हणून प्रत्येक ठेकेदाराचं नियुक्तिपत्र, गेटपास, पगारपत्रकं आत्ताच गोळा करा. आणि मागणीपत्रात 'कर्मचारी' एवढंच लिहू देऊ नका. 'केंद्राच्या आवारात काम करणारे सर्व, ठेकेदार कोणीही असो' असं लिहून घ्या. कायम कामगारांचे पुढारी कुरकुरतील, त्यांना आधी गाठा.