मदत हवी आहे: तलावातली जलपर्णी गोबरगॅसमध्ये घातली, आता शेगडी पेटत नाही

नमस्कार मंडळी,

राहायला आम्ही वडोदऱ्यात, दांडिया बाजारात. शेत पादरा तालुक्यात. सासूसासरे अजून शेतावरच असतात. तिथे परसात दीनबंधू पद्धतीचा २ घनमीटरचा गोबरगॅस आहे, विटांच्या घुमटाचा, सासऱ्यांनी स्वतः उभं राहून बांधून घेतलेला. दावणीला चार म्हशी होत्या तेव्हा दोन्ही वेळचा स्वयंपाक त्यावर व्हायचा. आता एकच म्हैस उरली. रोज ५० किलो शेण हवं, मिळतं जेमतेम १५ किलो. सकाळचा चहा झाला की ज्योत मिणमिणते आणि सासूबाई पुन्हा चुलीकडे वळतात. त्यांना दमा आहे. फोनवर बोलतानाही धुराचा खोकला ऐकू येतो. हा सगळा खटाटोप त्यासाठी.

गावच्या तलावात जलपर्णी इतकी माजली आहे की पाणी दिसत नाही. पंचायतीने एकदा काढून काठावर ढीग घातले, महिन्याभरात तलाव पुन्हा हिरवा. सरपंचांना विचारलं तर म्हणाले, "लई जाओ ने बेन, जोईए एटली." मग वाटलं, जे फुकट सडतंय तेच घुमटात सडू दे. २ घनमीटरची टाकी पूर्ण चालली तर महिन्याला जवळजवळ पावणेदोन सिलिंडरांइतका गॅस मिळतो, असा माझा हिशोब आहे.

पहिला आठवडा शेणात रोज ५-६ किलो जलपर्णी घातली, कडबाकुट्टीतून काढून. गॅस खरंच वाढला. दोन्ही वेळच्या भाकऱ्या झाल्या, सासूबाईंनी आनंदाने फोन केला. तिथे माझी चूक झाली. मी प्रमाण एकदम वाढवून रोज ४० किलोवर नेलं, मुळांसकट. कडबाकुट्टीचं पातं बोथट झालं होतं, त्यामुळे तुकडेही बोटभर लांब राहिले. असं आठ दिवस चाललं. आता गॅस येतो, नळी फुरफुरते, पण काडी लावली की विझते. मळीला आंबूस वास येतो. मळीच्या टाक्यातून बाहेर काही सरकत नाही, आत जाड साय धरल्यासारखी वाटते.

ही टाकी रिकामी करावी लागेल का? जलपर्णी किती आणि कशी घालायची? बांधावर गाजरगवत आहे, गांडो बावळ (वेडी बाभूळ) आहे, तेही घालता येईल का? शेजारचे एक काका म्हणतात, मी आत उतरून साय फोडून देतो. त्यांना हो म्हणू का?

गोठ्यावरून:
ताई, आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर. नाही. कुणालाही आत उतरवू नका, मळीच्या टाक्याच्या बाजूनेही नाही. आत प्राणवायू नसतो आणि हायड्रोजन सल्फाइड असतो. माणूस दोन श्वासांत कोसळतो आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही जातो. काकांना आजच फोन करून सांगा.

टाकी रिकामी करायची गरज नाही. आत दोन प्रकारचे जिवाणू काम करतात. एक हिरव्या पाल्याचं आम्ल करतात, दुसरे त्या आम्लापासून मिथेन करतात. पहिले चपळ, दुसरे संथ. एकदम ४० किलो कोवळा पाला पडला की आम्ल साचतं, दुसरे मरगळतात, आणि उरतो तो बहुतेक कार्बन डायऑक्साइड. तो जळत नाही. सामू (पीएच) मोजायचा रंगपट्टीचा पीएच कागद आणा. सामू ७ च्या आसपास हवा, तुमचा ६ च्या खाली असेल.

आठदहा दिवस नवीन काही घालू नका. गावात कुणाचा गोबरगॅस नीट चालत असेल तर त्याची ताजी मळी मिळेल तितकी आणून ओता, तेच विरजण. ती ओतण्यासाठी जागा हवी म्हणून तितकीच मळी बादलीने काढा. न जळणारा गॅस स्वयंपाकघरात नाही, उघड्यावर सोडा. तिथे विडीकाडी नको.

विश्वामित्रीकाठ:
सायीचं कारण देठात आहे. जलपर्णीच्या देठात हवेच्या पोकळ्या असतात, म्हणून ती तलावात तरंगते आणि तुमच्या टाकीतही तरंगणार. लोखंडी ड्रमच्या गोबरगॅसमध्ये ड्रम फिरवून साय फोडता येते, दीनबंधूत ती सोय नाही. गॅसचा कॉक उघडा ठेवून शेणाच्या तोंडातून लांब बांबू घालून हळूहळू ढवळा, बाहेरूनच.

पुढच्या वेळी मुळं छाटून टाका, त्यात गाळ भरलेला असतो. बारीक, बोटाच्या पेराएवढे तुकडे करा आणि खड्ड्यात चारपाच दिवस शेणकाल्यात भिजत ठेवा. देठातली हवा निघाली की तरंगणं कमी होतं. आणि तिच्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं, त्यामुळे बरोबरच्या शेणात पाणी कमी घाला. नाहीतर मळी पातळ होते.

तलावात गटाराचं किंवा कारखान्याचं पाणी येतं का, ते बघा. जलपर्णी पाण्यातले जड धातू शोषते, मग ती मळी भाजीला घालू नये. याच कारणासाठी वडोदऱ्याच्या विश्वामित्री नदीतली जलपर्णी मी कुणालाच आणू देत नाही. शिवाय तिथे मगरी आहेत. तुमच्या तलावातही काढणाऱ्यांनी आधी काठीने चाचपून बघावं.

बांधावरचा:
गाजरगवत फुलायच्या आत उपटलं तरच, तेही हातमोजे घालून, अंगाला खाज सुटते. पण चालू टाकीत घालू नका, आधीच ती आजारी आहे. गांडो बावळ लाकूड आहे, जिवाणूंना पचत नाही. ती वाळवून जाळायलाच ठीक, किंवा व्हाइट कोल, म्हणजे काडीकचरा दाबून केलेल्या जळणाच्या कांड्या, करणाऱ्यांना विकायची. अशा कांड्या आणि गोबरगॅस, दोन्हीचं काम वल्लभ विद्यानगरची स्प्रेरी ही संस्था १९७९ पासून करते. एकदा जाऊन या, तुम्हाला लांब नाही.

धागाकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार. काकांना त्याच संध्याकाळी अडवलं.

आज बारावा दिवस. पलीकडच्या फळियातून (वस्तीतून) चार फेऱ्यांत मळी आणली, सासऱ्यांनी बांबू रोज सकाळी फिरवला. तिसऱ्या दिवशी काठावर हिरवे लगदे वर आले, ते आम्ही बाहेर काढून उकिरड्यात पुरले. पीएच कागद आता जवळजवळ ७ दाखवतो. काल रात्री काडी लावली तर ज्योत टिकली, टोकाला पिवळी, पण टिकली. उद्यापासून फक्त शेण. आठवड्याने भिजवलेली जलपर्णी ३ किलो, आणि महिनाभर तेवढीच. तलावाच्या वरच्या अंगाला गटार येतं असं सासरे म्हणाले, तेव्हा मळी यापुढे वांग्यांना नाही, कडेच्या निलगिरीला जाईल.