गृहयुद्धानंतर रहिवाशांकडून घेतलेली निष्ठेची शपथ : तिचा प्रत्यक्षात काय उपयोग झाला?

गोदाकाठ (प्रश्न)

नमस्कार. नाशिकमध्ये आमचे एक छोटे वाचनमंडळ आहे आणि पुढच्या बैठकीत अमेरिकी गृहयुद्धानंतरच्या पुनर्रचनेवर बोलण्याची जबाबदारी माझ्याकडे आली आहे. तयारी करताना एक गोष्ट वारंवार समोर येते, ती म्हणजे दक्षिणेतील लोकांकडून घेतली गेलेली निष्ठेची शपथ. एका ठिकाणी वाचले की लिंकन यांनी केवळ दहा टक्के मतदारांच्या शपथेवर राज्य सरकार उभे करण्याची मुभा दिली होती. दुसरीकडे वाचले की शपथ घेतली नाही म्हणून एका धर्मगुरूला तुरुंगात जावे लागले. या दोन्ही गोष्टी एकाच शपथेबद्दल असतील असे वाटत नाही.

ही शपथ सर्वसामान्य रहिवाशाला खरोखर घ्यावीच लागत होती का, न घेतल्यास त्याचे काय अडत असे, आणि ज्याने चार वर्षे बंदूक चालवली त्याने एका कागदावर सही केली म्हणून त्याच्यावर विश्वास ठेवायचा, हे त्या काळच्या लोकांना तरी पटले होते का, हे मला समजून घ्यायचे आहे. जाणकारांनी सविस्तर लिहावे.

कॉलेजरोड (इतिहासाचा निवृत्त शिक्षक)

आपली शंका बरोबर आहे. शपथा दोन प्रकारच्या होत्या आणि त्यांची सरमिसळ केली की सगळाच गोंधळ होतो. एक शपथ पुढच्या काळाबद्दल होती, दुसरी मागच्या काळाबद्दल.

लिंकन यांनी ८ डिसेंबर १८६३ रोजी काढलेल्या जाहीरनाम्यातील शपथ पहिल्या प्रकारची. युद्ध अजून संपलेले नव्हते. शपथ घेणाऱ्याने एवढेच म्हणायचे होते की यापुढे मी संविधानाचे आणि राज्यांच्या संघाचे निष्ठेने रक्षण करीन आणि गुलामांच्या मुक्तीसंबंधी काँग्रेसने (म्हणजे अमेरिकेच्या संसदेने) केलेले कायदे व राष्ट्राध्यक्षांनी काढलेले जाहीरनामे पाळीन. कालपर्यंत तुम्ही काय केले, हे त्यात विचारलेलेच नव्हते. त्याच्या बदल्यात माफी मिळे आणि गुलाम वगळता बाकीची मालमत्ता परत मिळे. बंडखोर सरकारचे, म्हणजे संघराज्यातून फुटलेल्या दक्षिणेकडील राज्यांनी स्थापलेल्या सरकारचे, मुलकी अधिकारी, कर्नलपेक्षा वरच्या हुद्द्याचे सेनाधिकारी, काँग्रेसमधील जागा सोडून बंडात गेलेले सदस्य आणि कैदी झालेल्या कृष्णवर्णीय सैनिकांना बेकायदा वागणूक देणारे, अशांना मात्र ही सवलत नव्हती. १८६० च्या निवडणुकीत जेवढी मते पडली होती त्याच्या दहा टक्के लोकांनी शपथ घेतली की त्या राज्यात सरकार स्थापन करता येईल, असा तो आराखडा होता. काँग्रेसमधील कडव्या गटाला तो फारच ढिला वाटला. त्यांनी १८६४ मध्ये वेड–डेव्हिस विधेयक आणून निम्म्याहून अधिक लोकांच्या निष्ठेची अट घातली, पण लिंकन यांनी त्यावर सहीच केली नाही आणि ते बारगळले.

दुसरी शपथ म्हणजे २ जुलै १८६२ च्या कायद्याने आलेली, ‘आयर्नक्लॅड’ या नावाने ओळखली जाणारी. संघराज्याच्या नोकरीत येणाऱ्याने शपथेवर सांगायचे की मी कधीही स्वेच्छेने अमेरिकेविरुद्ध शस्त्र उचललेले नाही आणि शस्त्र उचलणाऱ्यांना मदत, सल्ला किंवा उत्तेजन दिलेले नाही. दक्षिणेत असा माणूस शोधायचा कुठे? टपाल खात्यासारख्या साध्या कामालाही पुरुष मिळेनात, आणि पोस्टमास्तर म्हणून स्त्रियांच्या नेमणुका वाढण्यामागे हे एक कारण होते.

सर्वसामान्य रहिवाशाबद्दल विचारलेत, तर सरसकट घरोघरी जाऊन शपथ घेतली गेली असे नाही. पण ती टाळणे लष्करी अंमलाखालच्या शहरात कठीण होते. १८६२ मध्ये न्यू ऑर्लीन्समध्ये संघराज्याच्या सैन्याचे जनरल बटलर यांनी निष्ठा न पत्करणाऱ्या प्रौढ स्त्री-पुरुषांना ‘शत्रू’ म्हणून नाव नोंदवायला आणि सोबत आपल्या मालमत्तेची यादी द्यायला लावली. एप्रिल १८६५ मध्ये बंडखोरांची राजधानी रिचमंड पडल्यावर जनरल हॅलेक यांनी हुकूम काढला की वधू-वरांनी शपथ घेतल्याशिवाय विवाहाचा परवाना द्यायचा नाही, आणि लग्न लावणाऱ्या धर्मगुरूनेही आधी शपथ घेतलेली असली पाहिजे. लग्नघरातल्या मंडळींची त्या वेळी काय धांदल उडाली असेल, याची कल्पना आपण करू शकता.

सीबीएसजवळचा वकील

आपण ज्या धर्मगुरूबद्दल वाचले ते फादर जॉन कमिंग्ज. गंमत अशी की ते मिझुरी राज्यातले, आणि मिझुरी संघराज्यातून फुटलेच नव्हते. तिथे गुलामगिरी होती, दोन्ही बाजूंनी लढणारे लोक एकाच गावात होते, आणि म्हणूनच तिथला सूड शेजाऱ्याने शेजाऱ्यावर उगवलेला सूड होता. १८६५ च्या नव्या राज्य संविधानाने मतदार, वकील, शिक्षक, विश्वस्त आणि धर्मोपदेशक या सर्वांवर मागच्या काळाबद्दलची शपथ लादली. ती नुसती शस्त्र उचलल्याबद्दल नव्हती. शत्रूच्या विजयाची इच्छा कृतीने किंवा शब्दाने कधी व्यक्त केली नाही, असेही त्यात म्हणायचे होते. कमिंग्ज यांनी शपथ न घेता प्रवचन दिले, त्यांना ५०० डॉलर दंड झाला आणि तो भरेपर्यंत कोठडीत ठेवण्याचा आदेश झाला.

हे प्रकरण आणि ऑगस्टस गारलँड या आर्कान्सॉच्या वकिलाचे प्रकरण, दोन्हींचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी १८६७ मध्ये दिला, आणि दोन्ही वेळा पाच विरुद्ध चार मतांनी. गारलँड बंडखोरांच्या सिनेटमध्ये बसलेले होते, राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्याकडून त्यांना पूर्ण माफी मिळालेली होती, तरी १८६५ च्या कायद्यामुळे ‘आयर्नक्लॅड’ शपथ घेतल्याशिवाय त्यांना संघराज्याच्या न्यायालयात वकिली करता येत नव्हती. न्या. स्टीफन फील्ड यांनी बहुमताच्या वतीने लिहिले की माणसाचा व्यवसाय काढून घेणे ही शिक्षाच आहे. ती खटला न चालवता कायदेमंडळाने दिलेली शिक्षा आहे. आणि कृत्य घडले तेव्हा जी शिक्षा नव्हती ती मागाहून लावलेली आहे. त्याहून महत्त्वाचे मला हे वाटते की या शपथेत गुन्हा आधीच गृहीत धरला जातो आणि आपण निर्दोष आहोत हे माणसाने स्वतःच्याच तोंडाने सिद्ध करायचे असते. न्या. मिलर यांचे मतभेदाचे निकालपत्र मात्र घाईने बाजूला सारू नये. वकिली हा हक्क नसून सवलत आहे आणि तिच्यासाठी पात्रता ठरवण्याचा अधिकार कायदेमंडळाला आहे, हा त्यांचा मुद्दा आजही आमच्या बाररूममध्ये चहाबरोबर तासभर पुरतो. पूर्वलक्षी शिक्षेस मनाई हे तत्त्व आपल्या संविधानाच्या कलम २० (१) मध्येही आहे.

निवृत्त अव्वल कारकून

मी महसूल खात्यात नोकरी केली, इतिहासाचा अभ्यासक नव्हे. पण लोकांकडून कागदावर खरे वदवून घेण्याचे काम आयुष्यभर केले असल्यामुळे दोन शब्द लिहितो.

आपल्याकडच्या स्वयंघोषणापत्रात ‘वरील सर्व माहिती माझ्या व्यक्तिगत माहिती व समजुतीनुसार खरी आहे’ असे एक वाक्य असते आणि त्याच्या खाली खोटे आढळल्यास शिक्षेस पात्र राहीन अशी कबुली असते. दाखल्यासाठी आलेला माणूस ते वाचत नाही. सही कुठे करायची एवढेच विचारतो, कारण त्याचे लक्ष दाखल्यावर असते, घोषणेवर नसते. रिचमंडमधल्या त्या नवरदेवाचे लक्षही परवान्यावरच असणार. तेव्हा शपथेने मन बदलले का, हा प्रश्न मला थोडा चुकीचा वाटतो. शपथेच्या बदल्यात टेबलावरून काय हातात पडत होते, ते आधी पाहावे. आणि मागच्या काळाबद्दलच्या शपथेत एक मोठा दोष असा की खोटे बोलणारा आत येतो आणि खरे बोलणारा दारातच अडतो. अशा अटीने कार्यालयात कोणत्या प्रकारची माणसे गोळा होतात, हे सांगायला अमेरिकेला जाण्याची गरज नाही.

दिंडोरीकर

काकांनी ‘हातात काय पडत होते’ हा मुद्दा काढला ते फार बरे झाले, कारण वरच्या सर्व चर्चेत अजून एक माणूस आलेलाच नाही. शपथ गोऱ्या जमीनदाराने घेतली, माफी सरकारने दिली, निकाल न्यायालयाने दिला. पण त्या माफीची किंमत मोजली ती मुक्त झालेल्या गुलामांनी.

जानेवारी १८६५ मध्ये जनरल शर्मन यांनी एक लष्करी हुकूम काढून साउथ कॅरोलायना, जॉर्जिया आणि फ्लोरिडाच्या किनाऱ्यालगतची, मालक सोडून गेलेली जमीन मुक्त झालेल्या कुटुंबांसाठी राखून ठेवली होती, प्रत्येकी जास्तीत जास्त ४० एकर. लोकांनी ती कसायला सुरुवातही केली. मग लिंकन यांची हत्या झाली, जॉन्सन आले आणि २९ मे १८६५ रोजी त्यांनी आपला जाहीरनामा काढला. शपथ घ्या, माफी मिळवा, मालमत्ता परत घ्या. २०,००० डॉलरहून अधिक मालमत्ता असलेल्यांना आणि इतर अपवादांतल्या लोकांना स्वतंत्र अर्ज करावा लागे खरा, पण जॉन्सन यांनी असे हजारो अर्ज मंजूर केले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये मुक्त झालेल्या गुलामांसाठीच्या सरकारी खात्याचे प्रमुख जनरल हॉवर्ड यांना साउथ कॅरोलायनाच्या एडिस्टो बेटावर जाऊन, चर्चमध्ये जमलेल्या त्या कुटुंबांना सांगावे लागले की ही जमीन जुन्या मालकांना परत द्यायची आहे. ज्यांनी बंड केले त्यांना एका शपथेवर जमीन मिळाली, आणि ज्यांच्या निष्ठेबद्दल कोणाला शंका नव्हती त्यांची गेली.

दादासाहेब गायकवाड यांनी १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४ मध्ये भूमिहीनांचे जे सत्याग्रह उभे केले, ते ज्यांच्या घरात अजून सांगितले जातात अशा आम्हा लोकांना हे समजायला वेळ लागत नाही. आपण मंडळात बोलाल तेव्हा शपथेचा इतिहास जमिनीच्या इतिहासापासून तोडून सांगू नये, ही विनंती.

गोदाकाठ

सर्वांचे आभार. दिंडोरीकर, हा भाग माझ्या टिपणात मुळीच नव्हता, आता तो मध्यभागी येईल.

एक शंका उरते. काकांचे आणि वकीलसाहेबांचे म्हणणे मान्य केले तर मागच्या काळाबद्दलची शपथ अन्यायाची ठरते, आणि दिंडोरीकरांचे म्हणणे मान्य केले तर पुढच्या काळाबद्दलची शपथ फार स्वस्त ठरते. मग ज्यांनी बंडाचे नेतृत्व केले त्यांना पुन्हा सत्तेवर येण्यापासून रोखण्याचा न्याय्य मार्ग होता तरी कोणता? आणि हा पेच केवळ अमेरिकेलाच पडला का?

कॉलेजरोड

तो पेच जुनाच आहे. इंग्लंडमध्ये राजा पहिला चार्ल्स याचा शिरच्छेद झाल्यावर, जानेवारी १६५० मध्ये पार्लमेंटने अठरा वर्षांवरील सर्व पुरुषांना वचन द्यायला लावले की राजा आणि उमरावांचे सभागृह यांच्याविना आज जे राष्ट्र प्रस्थापित आहे त्याच्याशी मी एकनिष्ठ राहीन. ज्यांनी आधी राजाशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घेतली होती त्यांनी हे वचन द्यावे की नाही, यावर पत्रकांचा अक्षरशः पाऊस पडला. चार वर्षांत हा कायदा रद्द झाला आणि १६६० मध्ये राजा परत आला, तेव्हा वचन देणाऱ्यांपैकी फारच थोड्यांनी त्याला अडवले.

आपल्या जवळचे उदाहरण थोडे वेगळे आहे, कारण १८५७ चा उठाव परकीय सत्तेविरुद्धचा होता, गृहयुद्ध नव्हे. तरी १ नोव्हेंबर १८५८ च्या राणीच्या जाहीरनाम्यात काय मागितले होते ते पाहण्यासारखे आहे. ब्रिटिश प्रजेच्या हत्येत प्रत्यक्ष भाग घेतलेल्यांना वगळून, १ जानेवारी १८५९ पूर्वी शस्त्र खाली ठेवून घरी जाणाऱ्यांना माफी होती. गावोगावच्या रहिवाशांकडून शपथ मागितलेली नव्हती. शस्त्र खाली न ठेवणाऱ्यांशी मात्र लढाई चालूच राहिली. आपल्या सिन्नर भागात भिल्लांच्या उठावाचे पुढारी भागोजी नाईक १८५९ मध्ये मारले गेले ते या माफीची मुदत टळून गेल्यानंतर.

सीबीएसजवळचा वकील

ताई, आपल्या शेवटच्या प्रश्नाला अमेरिकेने एक उत्तर दिले होते आणि माझ्या मते ते बरेच शहाणपणाचे होते. १८६८ मध्ये मंजूर झालेल्या चौदाव्या घटनादुरुस्तीच्या तिसऱ्या कलमात कोणाकडूनही नवी शपथ मागितलेली नाही. ज्याने आमदार, काँग्रेसचा सदस्य किंवा अधिकारी म्हणून पूर्वी संविधानाची शपथ घेतली होती आणि नंतर तीच मोडून बंडात भाग घेतला, तो पुन्हा पद धारण करू शकणार नाही, एवढेच त्यात आहे. साध्या शिपायाला किंवा शेतकऱ्याला त्याचा उपसर्ग नाही. माणसाच्या मनात काय आहे हे तपासायचे नाही, उघडपणे दिलेला शब्द उघडपणे मोडला की नाही एवढेच तपासायचे. खुद्द संविधानातच ते घातल्यामुळे पूर्वलक्षी शिक्षेचा आक्षेपही राहिला नाही.

ते टिकले नाही, हा दोष कलमाच्या मसुद्याचा नव्हता. दोन्ही सभागृहांनी दोन तृतीयांश मतांनी ही अपात्रता उठवावी, अशी सोय त्यातच होती, आणि १८७२ च्या कायद्याने काँग्रेसने मोजके वरिष्ठ लोक सोडून बाकी सर्वांची अपात्रता उठवली. बंडखोर सरकारचे उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स १८७३ मध्ये पुन्हा काँग्रेसमध्ये येऊन बसले. ‘आयर्नक्लॅड’ शपथ १८८४ मध्ये कायद्यातून काढून टाकली गेली, पुढच्याच वर्षी तेच गारलँड अमेरिकेचे ॲटर्नी जनरल झाले, आणि उरलेल्यांची अपात्रता १८९८ मध्ये संपली. दिंडोरीकरांनी सांगितलेल्या कुटुंबांची जमीन मात्र यांपैकी कोणत्याही कायद्याने परत केली नाही.