विहीर मे महिन्यात बघा

लातूरचा टँकर सोडून कोकणात मालवण-वेंगुर्ल्याला जमीन घेऊन राहायला जावं, तिथं पाण्याची चिंता नाही, हे म्हणणं अर्धंच खरं आहे. पाऊस आपल्या जवळपास चौपट, ३००० मिलिमीटरच्या आसपास. पण तिथल्या जांभ्या या सच्छिद्र दगडातून पाणी झिरपून समुद्राला मिळतं. म्हणून विहीर मे महिन्यातच बघा. खाडीकाठी असेल तर पाणी चाखूनही बघा, कारण उन्हाळ्यात ते मचूळ होतं.

आपला सातबारा शेतकरी असल्याचा पुरावा म्हणून तिकडे चालतो, हा मोठा फायदा. खरी अडचण सामायिक सातबाऱ्याची. वीस-पंचवीस हिस्सेदार, निम्मे मुंबईत! एकाचीच सही घेतली तर फक्त अविभक्त हिस्सा मिळतो, ठरावीक तुकडा नाही. आधी जून ते सप्टेंबर भाड्यानं राहा, मगच इसार द्या.