मदत हवी आहे : तळणीचे उरलेले तेल आणि पार्सलची भांडी

नमस्कार. सदाशिव पेठेत आमचे फरसाण आणि मिसळीचे छोटे दुकान असून, ते पर्यावरणाला कमीत कमी झळ लावून चालवावे, अशी आमची मनापासून इच्छा आहे. सर्वांत मोठी अडचण तळणीच्या तेलाची आहे. तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने त्यात तयार होणाऱ्या खराब घटकांचे, म्हणजे एकूण ध्रुवीय संयुगांचे, प्रमाण २५ टक्क्यांच्या वर गेले की अन्नसुरक्षेच्या नियमांनुसार ते वापरता येत नाही. आमच्याकडे तर तेल काळपट होऊन फेसाळू लागले, की आम्ही ते वेगळ्या डब्यात काढतो. मोरीत ओतले तर नळ्या तुंबतात, शिवाय ते शेवटी मुळा-मुठेतच जाते. मागील महिन्यात एका फिरत्या खरेदीदाराने चांगला भाव देऊ केला होता, परंतु तेल कोठे नेणार हे तो सांगेना, तेव्हा ते पुन्हा कुणाच्या तरी कढईत पडेल या धास्तीने मी त्याला रिकाम्या हाती परत पाठवले. बायोडिझेलसाठी असे तेल नेणारा आणि रीतसर पावती देणारा अधिकृत संकलक पेठांमधून थोड्या प्रमाणातही तेल उचलतो का?

दुसरा प्रश्न पार्सलचा. राज्यात २०१८ पासून प्लॅस्टिकबंदी असल्याने आम्ही उसाच्या चिपाडाच्या वाट्या आणल्या, पण झाकण घट्ट बसत नसल्यामुळे कटाची तर्री पिशवीत सांडते. घरून डबा आणणाऱ्यांना पाच रुपये सवलत दिली, तरी प्रतिसाद अत्यल्प आहे. अनामत घेऊन स्टीलचे डबे देण्याची पद्धत कुणी चालवली आहे का, आणि डबे खरोखर परत येतात का?